रिचार्ज परवडत नसेल तर आधी काय करायचं: सोलापूरच्या एका दुकानदार बाईचं सांगणं

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकातून आत वळलं की माझं दुकान लागतं. रिचार्ज, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज. येणाऱ्यांत विडी वळणाऱ्या बायका जास्त, मग यंत्रमागावरचे कामगार, टॉवेलच्या शिलाईला जाणाऱ्या मुली आणि कॉलेजची पोरं. काउंटरवर तेलुगू, मराठी, कन्नड सगळं चालतं. प्रश्न मात्र बहुतेकांचा एकच असतो: "ताई, कमीत कमी कितीत भागतंय बगा की."

या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं. रेशनची ई-केवायसी, लाडकी बहीणचा हप्ता, पीएफची पेन्शन, बँकेचं खातं, पोरीचा कॉलेज प्रवेश, सगळं शेवटी मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीपाशी येऊन अडतं. त्यात आमच्या भागाची एक खास अडचण आहे. वर्षानुवर्षं तेंदूची पानं कातरून आणि विड्या वळून बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. अंगठ्याच्या मशीनवर बोट पुसून ठेवा, ओलं करून ठेवा, दुसऱ्या हाताचं ठेवा, मशीन काही घेत नाही. ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांना ओटीपीचाच आधार, आणि ओटीपी यायला नंबर चालू लागतो. म्हणून माझा सगळा सल्ला इथून सुरू होतो: पैसे कमी असतील तर आधी नंबर जिवंत ठेवा. इंटरनेटचं नंतर बघता येतं.

घरात कुणाला काय लागतं

पोस्टरवर जो पॅक मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो सगळ्या घराला मारायचा, ही सवय आधी मोडायला हवी. एका घरात आजी, आई, बाबा आणि दोन मुलं असतील तर पाच डेटा पॅक लागत नाहीत. आजीकडे बटणाचा फोन असतो, तिला बोलणं आणि ओटीपी पुरे. बाबांना कारखान्यात सेठचा फोन आला पाहिजे, व्हॉट्सॲपवर पाळीचा निरोप आला पाहिजे, एवढंच. खरा डेटा लागतो तो शिकणाऱ्या मुलाला. मग त्याच्या एकट्याच्या नंबरावर डेटाचा पॅक घ्या, आणि घरी आल्यावर त्याच्या फोनचं हॉटस्पॉट लावून बाकीच्यांची कामं उरका. बाकीच्या नंबरांवर फक्त बोलण्याचा पॅक.

"फक्त बोलण्याचा पॅक मिळतच नाही" असं आजही बरेच जण म्हणतात. तो मिळतो. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ग्राहक संरक्षणाच्या नियमांत बदल केला. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचा किमान एक पॅक ठेवलाच पाहिजे, असा तो बदल. अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायलाही तेव्हाच परवानगी मिळाली. आधी मर्यादा ९० दिवसांची होती. जानेवारी २०२५ मध्ये हे पॅक बाजारात आले तेव्हा ८४ दिवसांचा पॅक साडेचारशे ते पावणेपाचशे रुपयांच्या आसपास होता. म्हणजे दिवसाला साडेपाच रुपये. माझ्या मते हेही जास्तच आहेत. डेटा काढून घेतल्यावर किंमत जेवढी उतरायला हवी होती तेवढी उतरलेली नाही. पण जो नियम झालाय त्याचा फायदा तरी घ्या.

हा पॅक सहसा ॲपच्या पहिल्या पानावर दिसत नाही. कंपनीच्या ॲपमध्ये खाली सरकत जाऊन 'व्हॉइस' किंवा 'व्हॅल्यू' नावाच्या कप्प्यात शोधावा लागतो. दुकानात मागताना "स्वस्तातला द्या" असं म्हणू नका. "नेट नको, फक्त कॉल आणि मेसेजचा, ८४ दिवसांचा किंवा वर्षाचा दाखवा" असं म्हणा. सगळ्या कंपन्यांचे दर एका जागी बघायचे असतील तर ट्रायच्या संकेतस्थळावर दरांचं पोर्टल आहे. तिथे महाराष्ट्र सर्कल, म्हणजे कंपन्यांचा सेवा-विभाग, निवडा. मुंबईचं सर्कल वेगळं आहे, त्यात आपण येत नाही.

दिवसाचा भाव काढा

पॅक समोर आला की किंमत भागिले दिवस, एवढा एकच हिशेब करायचा. २८ दिवसांच्या पॅकला लोक महिना म्हणतात, पण वर्षात असे १३ रिचार्ज बसतात. समजा पॅक २०० रुपयांचा आहे. १२ वेळा मारला तर २४०० होतात, १३ वेळा मारला तर २६००. हे वरचे २०० रुपये कॅलेंडर न बघितल्यामुळे जातात. पगार किंवा मजुरी ठरावीक तारखेला मिळत असेल तर त्याच तारखेला संपणारा पॅक मागा. प्रत्येक कंपनीकडे ३० दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एक पॅक असला पाहिजे, हा नियम २०२२ पासून आहे. मागितला नाही तर कुणी आपणहून दाखवत नाही.

लांब मुदतीचा पॅक दिवसाच्या भावात स्वस्त पडतो हे खरं, पण आमच्याकडे हातात एकदम साडेचारशे रुपये येणं हीच अडचण. आठवड्याची मजुरी आठवड्यातच संपते. माझ्याकडच्या काही बायका बचत गटात यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवतात: दर आठवड्याला चाळीस रुपये बाजूला, आणि तीन महिन्यांनी त्यातून ८४ दिवसांचा पॅक. हे मला फार पटलं, आणि आता मी नव्या गिऱ्हाइकालाही हेच सुचवते.

डेटाच्या पॅकमध्ये अजून एक गोष्ट बघा. 'रोज दीड जीबी' वाल्या पॅकमधला उरलेला डेटा साधारणपणे रात्री बारा वाजता बुडतो. ज्याला महिन्यात चार-पाच दिवसच नेट लागतं, फॉर्म भरायला किंवा निकाल बघायला, त्याने एकत्र डेटाचा पॅक घ्यावा. त्यात जेवढे जीबी दिले ते मुदत संपेपर्यंत हवे तेव्हा वापरता येतात. आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' उघडून फोटो, व्हिडिओ आपोआप उतरण्याची खूण काढून टाका. सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओच निम्मा डेटा खातात.

नंबर बंद पडू देऊ नका

पॅक संपला की बाहेर जाणारे कॉल लगेच थांबतात. इनकमिंग आणि ओटीपीचे मेसेज काही दिवस चालू राहतात, मग तेही बंद होतात. किती दिवस ते कंपनीनुसार बदलतं, त्यामुळे त्या सवलतीवर विसंबू नका. ९० दिवस नंबरावर काहीच वापर झाला नाही, ना कॉल, ना मेसेज, ना डेटा, तर कंपनी तो नंबर कायमचा बंद करू शकते. इथे २०१३ पासूनचा एक नियम कामाला येतो, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. सिमच्या खात्यात (बँकेच्या नव्हे) २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर ९० दिवसांनंतरही नंबर काढून घेता येत नाही. त्या शिल्लकीतून जास्तीत जास्त २० रुपये कापून नंबर पुढे ३० दिवस राखून ठेवावा लागतो, आणि पुन्हा २० शिल्लक असतील तर पुन्हा ३० दिवस.

गावाला गेलेल्या, पुण्याला किंवा भिवंडीला कामाला गेलेल्या माणसाच्या दुसऱ्या सिमसाठी हे उपयोगी आहे. पण लक्षात घ्या, याने नंबर तुमच्या नावावर राहतो, एवढंच. ओटीपी येत राहण्याची ही हमी नाही. आधार आणि बँकेला जोडलेल्या नंबरावर पॅक चालूच पाहिजे.

नंबर हातून गेला तर काय होतं ते ऐका. बंद झालेला नंबर ९० दिवस बाजूला ठेवून कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये यात हस्तक्षेप केला नाही. जुन्या नंबरावरची माहिती जपणं ग्राहकाच्याच हातात आहे असं म्हटलं. म्हणजे तुमच्या बँकेचे मेसेज अनोळखी माणसाच्या फोनवर. कुंभारीच्या विडी घरकुलातल्या एका अक्कांच्या बाबतीत असंच झालं. नवरा गेल्यावर त्याच्या नावाचं सिम बंद पडलं, आणि यांचं आधार, बँक, गॅस सगळं त्याच नंबराला जोडलेलं. एकेक ठिकाणी नंबर बदलता बदलता त्यांच्या किती मजुऱ्या बुडाल्या ते मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून बायकांना माझं आग्रहाचं सांगणं: सिम स्वतःच्या नावावर घ्या. नवऱ्याच्या, मुलाच्या, दिराच्या नावावरचं सिम म्हणजे उद्या तुमच्या सहीविना बंद होणारं सिम. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर किंवा ॲपवर दिसतं. आपला नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, यादी समोर येते. ओळखीचा नसलेला नंबर यादीत असेल तर 'हा माझा नाही' असं तिथेच कळवा. फोन चोरीला गेला तर तो ब्लॉक करायची सोयही तिथेच आहे. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. आजच *#०६# दाबून तो रेशनकार्डाच्या झेरॉक्सच्या मागे लिहून ठेवा. गड्ड्याच्या यात्रेत दर वर्षी कुणाचा ना कुणाचा फोन जातोच.

दुसऱ्या कंपनीत जायचं असेल तर

तुमच्या गल्लीत ज्या कंपनीची रेंज नीट आहे आणि पॅक स्वस्त आहे, तिकडे नंबर न बदलता जाता येतं. आधी शेजारच्याच्या फोनवर रेंज तपासा, घराच्या आतल्या खोलीत जाऊन तपासा. मग आपल्या नंबरावरून १९०० वर मेसेज पाठवा: इंग्रजी अक्षरांत पोर्ट, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर. उलट आठ अक्षरांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो, तेवढ्यात आधारकार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. महाराष्ट्राच्या महाराष्ट्रात काम तीन कामाच्या दिवसांत होतं. या व्यवहाराचं शुल्क फक्त ६ रुपये ४६ पैसे आहे, त्यामुळे पोर्टिंगच्या नावाखाली कुणी शे-दोनशे मागितले तर देऊ नका.

नंबर घेऊन ९० दिवस झालेले असावेत, पोस्टपेडचं बिल बाकी नसावं. सिम हरवून नुकतंच नवं घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. फसवणूक रोखण्यासाठी हा नियम जुलै २०२४ पासून आहे. जुन्या सिममधली शिल्लक नव्या कंपनीत जात नाही, तेव्हा पॅक संपत आला की जा.

"पॅकच संपलाय, मेसेज जात नाही" असं सांगून पूर्वी लोकांना अडकवलं जायचं. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने सगळ्या कंपन्यांना आदेश दिला की कुठलाही पॅक असो, १९०० वरचा मेसेज गेलाच पाहिजे. तरीही अडवलं तर ती सरळ तक्रारीची बाब आहे.

पैसे कापले गेले तर

मागच्या उन्हाळ्यात एक बाई आल्या. बोलण्याचे पैसे आपोआप कमी होत होते. बघितलं तर कॉलर ट्यून लागलेली. त्यांनी ती मागितली नव्हती, त्यांना ती ऐकूही येत नव्हती. फोन करणाऱ्यालाच ती ऐकू येते. अशा जादा सेवा बंद करायला १५५२२३ हा नंबर आहे, आणि नेट चालू-बंद करायला १९२५. सेवा बंद झाली, पण कापलेले पैसे परत हवे होते. आम्ही काउंटरवरूनच स्पीकर लावून १९८ ला फोन केला.

१९८ हा तक्रारीचा नंबर आहे, फुकट. १२१ हा माहितीचा. हा फरक महत्त्वाचा, कारण १२१ वर गोड बोलतात पण तक्रार नोंदली जातेच असं नाही. समोरच्या मुलाने "बघतो मॅडम" म्हणून फोन ठेवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "डॉकेट नंबर सांगा, लिहून घेते." दोन-तीनदा तेच वाक्य म्हटल्यावर नंबर मिळाला, मेसेजही आला. डॉकेट नंबर म्हणजे तक्रार नोंदल्याचा क्रमांक, तोच तुमचा पुरावा. तो नसेल तर पुढे तुमचं कुणी ऐकणार नाही, म्हणून तो घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्या बाईंचे पैसे परत आले. रक्कम छोटी होती, पण हजार विड्या वळायला दिवस जातो तिथे ती छोटी नसते.

ठरल्या मुदतीत काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. फी नाही, वकील नाही. डॉकेट नंबर आणि साध्या भाषेत चार ओळी. निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाता येतं असं स्पष्ट केलंय. पाच लाखांपर्यंतच्या बाबीला आयोगात फी लागत नाही.

सबंध जिल्ह्यात नेटवर्क २४ तासांहून जास्त बंद पडलं तर भरपाई द्यावी लागते, पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला वाढीव मुदत. हे २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत आहे. तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

नेट वाटून घ्यायचं असेल तर

एका वाड्यात सात-आठ बिऱ्हाडं, आणि एकाने घेतलेलं वायफाय सगळ्यांनी पासवर्डवर वापरायचं, हे होतं. पण पैसे घेऊन नेट पुढे विकणं कनेक्शनच्या अटीत बसत नाही, आणि त्यावरून कुणी काही भलतं केलं तर पोलीस कनेक्शनवाल्याच्याच दारात येतात. यासाठी कायदेशीर वाट आहे: पीएम-वाणी. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली. किराणा दुकान, चहाची टपरी, मंडळाची अभ्यासिका, कुणीही 'पब्लिक डेटा ऑफिस' होऊ शकतं. जुन्या पीसीओसारखंच समजा, फक्त फोनऐवजी वायफाय. परवाना लागत नाही, सरकारकडे फी भरावी लागत नाही. एक ब्रॉडबँड जोडणी, योजनेत चालणारा राउटर, आणि लॉगिन-हिशेब सांभाळणाऱ्या एका ॲग्रिगेटर कंपनीशी करार. वापरणारा ॲपवर ओटीपीने नाव नोंदवतो आणि पाच-दहा रुपयांचं कूपन घेऊन नेट वापरतो.

यात अडचण अशी होती की कंपन्या छोट्या दुकानदाराकडे महागडी व्यावसायिक लाइन मागायच्या. जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला: घरगुती ग्राहकाला २०० एमबीपीएसपर्यंतची फायबर जोडणी ज्या दरात मिळते, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त दर अशा दुकानदाराला लावता येणार नाही. हा आदेश मोबाइलवर ठेवा आणि लाइन घेताना दाखवा. आमच्या भागातल्या मंडळांना मी हेच सांगतेय: गणपतीच्या वर्गणीतला थोडा भाग अभ्यासिकेच्या वायफायला काढा. एमपीएससीची पोरं रात्री रस्त्याच्या कडेला उभी राहून व्हिडिओ उतरवतात, त्यांना बसायला जागा मिळेल.

गावाकडचं थोडक्यात सांगते. माझं माहेर मंद्रूपकडचं. ग्रामपंचायतींना इंटरनेट देणाऱ्या सरकारी भारतनेट योजनेची फायबर कितीतरी ठिकाणी आलेली आहे, पण पेटी कुलपात आणि बॅटरी उतरलेली, हेही मी एका गावात पाहिलंय. ग्रामसेवकाला तोंडी विचारून भागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत लेखी विचारा: जोडणी चालू आहे का, शाळा आणि आरोग्य उपकेंद्राला दिली आहे का, बंद असेल तर कधीपासून. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. या कामाला पैसा आहे. मोबाइल कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नातले ५ टक्के सरकारच्या निधीत जातात. त्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याच्या कक्षेत गावांबरोबर शहरातले वंचित भागही आले. म्हणजे नीलम नगर असो की कुंभारीची घरकुलं, रेंज नसेल तर खासदारांकडे अर्ज करताना या निधीचं नाव घालून मागा. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या अडचणींवर निकाल देताना डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलंय. ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांच्या अर्जात हे वाक्य जरूर घाला.

आणि ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे, नेट नाही, त्यांनाही पैसे पाठवता येतात. *९९# लावा, मराठी निवडा, बँकेचं एटीएम कार्ड जवळ ठेवून एकदा पिन तयार करा. मग शिल्लक बघणं, पैसे पाठवणं सगळं त्यातच होतं, आणि २०२२ पासून त्याला शुल्क नाही. पहिल्यांदा करताना ओळखीच्या दुकानात बसून करा, पण पिन स्वतःच दाबा. दुकानदाराला सांगू नका, मलासुद्धा नाही.